बॉनचा मुक्काम : बाबासाहेबांच्या जर्मनीतील अल्पकालीन अध्ययनाचा अर्थ

आमच्या अभ्यासवर्गास नियमितपणे येणाऱ्या एका विद्यार्थिनीची जर्मनीतील एका विद्यापीठात एका सत्राच्या अध्ययनासाठी निवड झाली. ही वार्ता सांगावयास ती आली, तेव्हा तिच्या मुद्रेवर आनंदापेक्षा संकोचच अधिक दिसत होता. घरी वडिलांनी तिला एक साधा प्रश्न विचारला होता : "पदवी मिळणार नसेल, तर चार-पाच महिन्यांसाठी कर्ज काढून इतक्या दूर जायचे कशाला?" या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. मग तिने आम्हासच विचारले, "सर, बाबासाहेबही जर्मनीस गेले होते ना? बॉन विद्यापीठाची कोणती पदवी त्यांनी घेतली?"

आम्ही उत्तर दिले, "कोणतीही नाही."

या उत्तराने वर्गात चुळबुळ झाली. एकाने जयंतीच्या व्याख्यानात बॉनच्या डॉक्टरेटचा उल्लेख ऐकला होता. दुसऱ्याने एका पुस्तिकेत तसे वाचले होते. आपल्या महापुरुषाच्या कीर्तीतून कोणी काही वजा करीत आहे की काय, अशी शंका काहींच्या मनात आली असल्यास ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे. तथापि बॉनच्या या लहानशा प्रकरणाचा जो खरा वृत्तान्त आहे, तो कल्पित पदवीपेक्षा अधिक मोलाचा आहे, असे आमचे नम्र मत आहे. म्हणूनच त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

नावापुढील अक्षरे

विहारांतून, घरांतून आणि कार्यालयांतून बाबासाहेबांच्या प्रतिमेखाली त्यांच्या पदव्यांची मालिका आपण वाचतो. एम.ए. व पीएच.डी. या कोलंबिया विद्यापीठाच्या पदव्या होत. एम.एस्सी. व डी.एस्सी. या लंडन विद्यापीठाच्या. बॅरिस्टरची सनद लंडनमधील ग्रेज इनची. एलएल.डी. ही सन्मान्य पदवी कोलंबियाने १९५२ साली दिली, तर डी.लिट्. ही सन्मान्य पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली दिली. या मालिकेतील प्रत्येक अक्षराला कागदोपत्री आधार आहे. त्यात बॉनचे अक्षर नाही, आणि बाबासाहेबांनी स्वतः तसा दावा कधी केला नाही.

या पदव्यांमागील कष्टही विसरता येत नाहीत. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, १९१५ साली एम.ए. झाले आणि १९१६ साली लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. महायुद्धाचा तो काळ. त्यांचे सामान व पुस्तके ज्या जहाजाने स्वतंत्रपणे यावयाची होती, ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले. जर्मनी या राष्ट्राशी बाबासाहेबांचा पहिला प्रत्यक्ष संबंध आला तो असा : परिश्रमाने जमविलेली ग्रंथसंपदा समुद्राच्या तळाशी गेली.

लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा त्यांना दिली होती. ती मुदत मनात बाळगून त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली आणि पगारातून पैसा शिल्लक टाकला. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. उसन्या पैशावर परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एकेक दिवस मोजून वापरावा लागतो. बॉनचे प्रकरण या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे.

एकाच वेळी तीन आघाड्या

बॉन येथील विद्यापीठाच्या दप्तरावरून जो क्रम दिसतो तो असा. फेब्रुवारी १९२१ मध्ये बाबासाहेबांनी लंडनहून प्रवेशासाठी जर्मन भाषेत अर्ज केला. बॉन तेव्हा प्रशिया राज्यात होते, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या प्रवेशाचा विषय त्या राज्याच्या शिक्षण मंत्रालयाकडे जात असे. एप्रिल १९२१ च्या अखेरीस, म्हणजे जर्मनीतील उन्हाळी सत्राच्या आरंभी, अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून त्यांचे नाव पटावर आले. पुढे जानेवारी १९२२ मध्ये व्याख्यानांस उपस्थित न राहिल्यामुळे ते नाव पटावरून कमी करण्यात आले.

"नाव कमी करण्यात आले" हे शब्द कानास कठोर वाटतात. परंतु त्याच महिन्यांत लंडनमध्ये काय चालले होते, ते ध्यानी घेतले म्हणजे त्यांतील कठोरपणा उरत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील वित्तव्यवस्थेच्या प्रांतवार विकेंद्रीकरणावरील त्यांचा प्रबंध सिद्ध होत होता, आणि जून १९२१ मध्ये त्यावर त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. लगोलग डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाची तयारी सुरू झाली. दुसरीकडे ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास चालू होता. तेथील नियमानुसार ठराविक सत्रांच्या भोजनांस उपस्थित राहणे विद्यार्थ्यावर बंधनकारक असे. जून १९२२ मध्ये त्यांना बॅरिस्टरची सनद मिळाली. लंडनमधील दोन आघाड्यांवर लढत असताना त्यांनी तिसरी आघाडी बॉनमध्ये उघडून ठेवली होती. एका देहाने लंडन आणि बॉन येथे एकाच वेळी उपस्थित राहणे कोणासही शक्य नव्हते.

चरित्रकारांनी त्यांचा बॉनमधील प्रत्यक्ष मुक्काम लंडनच्या अभ्यासाच्या अखेरच्या पर्वात दाखविला आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयावरील प्रबंध विद्यापीठास सादर झाला. प्रबंध परीक्षकांकडे असताना मिळालेला अवकाश बाबासाहेबांनी जर्मनीत अर्थशास्त्राच्या अध्ययनासाठी वापरला. तो काही महिन्यांचाच ठरला. मार्च १९२३ मध्ये प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्यांना प्रबंधाच्या संदर्भात लंडनला बोलाविले. परीक्षकांना प्रबंधातील काही मांडणी प्रखर वाटली होती आणि ती नव्याने करावयास त्यांनी सांगितले. हाताशी पैसा उरला नव्हता. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईस परतले, तेथे बसून त्यांनी प्रबंधाची फेरमांडणी केली आणि तो पुन्हा लंडनला पाठविला. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅनन यांच्या प्रस्तावनेसह 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

जर्मन विद्यापीठाची रीत

येथे एक गोष्ट समजावून सांगणे अगत्याचे आहे. आपल्याकडे विद्यापीठात नाव घालणे म्हणजे अमुक वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून पदवी घेणे, असा अर्थ रूढ आहे. जर्मनीची परंपरा वेगळी होती. तेथे वर्षाची दोन सत्रे असत : उन्हाळी आणि हिवाळी. विद्यार्थी एका विद्यापीठात एक-दोन सत्रे ऐकून दुसऱ्या विद्यापीठात जात असे आणि अखेरीस आपल्या विषयाचा योग्य परीक्षक जेथे असेल, तेथे प्रबंध देत असे. अल्प मुक्काम हा त्या पद्धतीचा सामान्य भाग होता. त्यात कोणास अपयश दिसत नसे.

बॉनचेच उदाहरण घेऊ. कार्ल मार्क्स १८३५ साली कायद्याचा विद्यार्थी म्हणून बॉनला आले, एक वर्ष राहिले आणि १८३६ साली बर्लिनला गेले. त्यांना डॉक्टरेट मिळाली ती १८४१ साली येना विद्यापीठाची, जेथे त्यांनी विद्यार्थी म्हणून शिक्षण घेतलेच नव्हते. प्रबंध तेवढा पाठविला होता. फ्रीड्रिख नीत्शे हेही १८६४ साली बॉनला आले आणि वर्षभरात लाइपझिगला निघून गेले. मार्क्स आणि नीत्शे या दोघांशी पुढे बाबासाहेबांनी वैचारिक झुंज दिली, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. नीत्शेच्या विचाराचे मनूच्या विचाराशी असलेले नाते त्यांनी उघड केले, आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. ज्या विद्यापीठाच्या पटावर या दोघांची नावे अल्पकाळ होती, त्याच पटावर बाबासाहेबांचेही नाव अल्पकाळ होते. यातून कोणताही गूढ संकेत काढावयाचा नाही. जर्मन विद्यापीठांची दारे येणाऱ्या-जाणाऱ्यांस किती मोकळी होती, एवढेच यावरून दिसते.

हिंदी विद्यार्थ्यांनीही या रीतीचा लाभ घेतला होता. कवी मुहम्मद इक्बाल हे केंब्रिजमध्ये शिकत असताना १९०७ साली जर्मन भाषा शिकण्यासाठी हायडेलबर्गला काही काळ राहिले आणि त्यांनी म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पहिल्या महायुद्धानंतर हा ओघ वाढला. पुढे राष्ट्रपती झालेले झाकिर हुसेन यांनी १९२६ साली बर्लिनमध्ये डॉक्टरेट घेतली. आपल्या महाराष्ट्राच्या इरावती कर्वे १९२८ साली मानवशास्त्राच्या अध्ययनासाठी बर्लिनला गेल्या. राममनोहर लोहिया यांनीही तेथेच आपला प्रबंध लिहिला. इंग्रजांचे राज्य नसलेला, विद्येत अग्रेसर असलेला देश म्हणून हिंदी तरुणांना जर्मनीचे आकर्षण होते.

बाबासाहेबांच्या बाबतीत आणखी एक कारण होते. कोलंबियातील त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी स्वतः तरुणपणी बर्लिन व हायडेलबर्ग येथे शिक्षण घेतले होते. अर्थशास्त्राचा ऐतिहासिक पद्धतीने विचार करणारी जी परंपरा जर्मनीत वाढली, तिचा ठसा त्या काळच्या अमेरिकी अध्यापनावर होता. कोलंबियात बाबासाहेबांनी अर्थशास्त्राच्या एकोणतीस अभ्यासक्रमांबरोबर प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचाही एकेक अभ्यासक्रम घेतला होता. म्हणजे १९२१ च्या अर्जामागील भाषेची तयारी न्यूयॉर्कमध्येच सुरू झाली होती. पुढे कधीतरी लागेल म्हणून शिकून ठेवलेली एक प्राथमिक भाषा पाच-सहा वर्षांनी एका नव्या देशाचे दार ठोठावण्यास उपयोगी पडली.

मार्क आणि रुपया

बाबासाहेब ज्या जर्मनीत गेले, ती पराभूत जर्मनी होती. बॉन हे ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीरावरील नगर. तो सारा तीर युद्धविरामानंतर विजेत्या दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने व्यापला होता. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियम यांनी रुहरच्या कोळसा-पोलाद प्रदेशातही सैन्य घुसविले. जर्मन शासनाने तेथील कामगारांना असहकाराचा आदेश दिला आणि त्यांचे वेतन नोटा छापून भागविले.

युद्धापूर्वी एका अमेरिकी डॉलरला सुमारे ४.२ मार्क मिळत. जानेवारी १९२२ मध्ये हा दर सुमारे १९० मार्क झाला. जुलै १९२२ मध्ये तो ४९० च्या वर गेला. जानेवारी १९२३ मध्ये सुमारे १८,००० वर पोहोचला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तर एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क, असा आकडा झाला, आणि तेव्हा नवे चलन काढून हा अनर्थ थांबवावा लागला. ज्याच्या खिशात पौंड किंवा डॉलर होते, त्या परदेशी विद्यार्थ्यास ही भूमी स्वस्त होती. ज्याचे वेतन व बचत मार्कमध्ये होती, त्या जर्मन कामगाराची, शिक्षकाची, निवृत्त कारकुनाची आणि विधवेची जन्माची पुंजी मात्र भाकरीच्या एका लादीइतकीही उरली नाही.

ही दुर्दशा जेथे प्रत्यक्ष चालली होती, तेथे चलनाच्या प्रश्नावर नुकताच प्रबंध लिहिलेला एक विद्यार्थी येऊन राहिला होता. येथे विवेक राखला पाहिजे. जर्मनीतील चलनवाढ पाहून बाबासाहेबांना आपला सिद्धान्त सुचला, असे म्हणणे चुकीचे होईल. प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्येच सादर झाला होता आणि त्याची सामग्री हिंदुस्थानच्या चलनाच्या इतिहासातून घेतलेली होती. परंतु प्रबंधाचा गाभा पाहिला, म्हणजे त्यातील प्रश्न आणि बॉनच्या बाजारातील प्रश्न यांचे नाते सहज लक्षात येते.

हिंदुस्थान सरकार तेव्हा सुवर्ण-विनिमय पद्धती चालवीत होते. रुपयाचा बाह्य दर लंडनमध्ये राखला जाई, परंतु देशात किती रुपये काढावयाचे, यावर सरकारला घट्ट बंधन नव्हते. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची भलावण केली होती. बाबासाहेबांनी तिचा प्रतिवाद केला. चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर चलनाचे मोल सोपविणे धोक्याचे आहे, कारण मर्जीला सीमा नसते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. सोन्याचे चलन असावे आणि रुपयाच्या नाण्यांच्या संख्येला कायद्याने पक्की मर्यादा असावी, जेणेकरून सरकारलाही ती वाढविता येणार नाही, असा उपाय त्यांनी सुचविला. रुपयाचा केवळ परदेशी दर स्थिर असून भागत नाही. देशात त्या रुपयास काय विकत मिळते, ते स्थिर राहिले पाहिजे, यावर त्यांचा भर होता. भाव वाढले की वेतन मागे राहते आणि त्याचा भार श्रमिकावर पडतो, हे त्यांनी स्पष्टपणे दाखविले. कॅनन हे त्यांच्याशी सर्वांशी सहमत नव्हते, तरीही प्रस्तावनेत त्यांनी या विचारांच्या ताजेपणाची कदर केली.

आज सुवर्ण परिमाण कोणत्याही देशात उरलेले नाही. म्हणून त्या विशिष्ट उपायाचे समर्थन आम्ही येथे करीत नाही. परंतु ज्यांच्या हाती सत्ता आहे, त्यांच्या सद्‌भावावर दुर्बलांचे हित सोपवू नये, त्यासाठी कायद्याची मर्यादा हवी, हा विचार १९२३ सालच्या चलनशास्त्रीय ग्रंथात आहे. तोच विचार पुढे संविधानातील मूलभूत हक्कांच्या रूपाने आपणास भेटतो. डिसेंबर १९२५ मध्ये हिंदी चलनाच्या चौकशीसाठी आलेल्या राजकीय आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, तीही याच भूमिकेवरून.

जेथे संस्कृतचे दार उघडे होते

काही लेखनातून असेही सांगितले जाते, की बाबासाहेब बॉनला संस्कृत शिकण्यासाठी गेले. दप्तरातील नोंद अर्थशास्त्राची आहे. तथापि या समजाच्या मुळाशी एक वेदना आहे, आणि ती खोटी नाही.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना भीमराव या मुलाला संस्कृत घ्यावयाचे होते. तो अस्पृश्य असल्यामुळे त्याला ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. ज्या भाषेतील शास्त्रांनी त्याच्या समाजाला बहिष्कृत ठरविले, ती भाषा वाचण्याचाही अधिकार त्याला नव्हता. आता बॉनकडे पाहावे. हे विद्यापीठ १८१८ साली स्थापन झाले आणि त्याच वर्षी ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल यांची तेथे नियुक्ती झाली. त्यांच्याबरोबर जर्मनीतील विद्यापीठीय संस्कृत अध्यापनाचा आरंभ झाला. त्यांनी देवनागरीचे टंक तयार करवून संस्कृत ग्रंथ छापले. त्यांचे नॉर्वेत जन्मलेले शिष्य क्रिस्तियान लासेन यांनी पॅरिसच्या युजेन ब्यूर्नूफ यांच्यासह १८२६ साली पाली भाषेवरील निबंध प्रसिद्ध केला. युरोपातील पाली विद्येच्या पायाभरणीत त्या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. लासेन पुढे बॉनलाच प्राध्यापक झाले. जैन आगमांचे सुप्रसिद्ध अभ्यासक हेर्मान याकोबी हे १८८९ पासून १९२२ पर्यंत त्याच विद्यापीठात होते. म्हणजे बाबासाहेबांचे नाव बॉनच्या पटावर होते तेव्हा याकोबी तेथील अध्यासनावर होते.

मुंबईच्या शाळेत जी भाषा जन्माच्या आधारावर नाकारली गेली, ती ऱ्हाईनकाठी शंभर वर्षांपासून येईल त्यास शिकविली जात होती. तेथे प्रवेशासाठी जात विचारीत नसत, आधीचे शिक्षण विचारीत. आणि तेथे पोहोचलेला हा विद्यार्थी नोंदणी करतो ती अर्थशास्त्रासाठी. कारण त्या घडीला त्याला वाटत होते, की आपल्या लोकांचे जगणे समजून घ्यावयाचे तर वित्त, चलन आणि कायदा यांवर प्रभुत्व हवे. संस्कृत त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने आत्मसात केले. पालीचे व्याकरण व शब्दकोश यांची सामग्री त्यांनी उत्तरायुष्यात सिद्ध केली. ती १९९८ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रकाशित केली. विद्यापीठाच्या दारावरून मागे फिरलेला विषय विद्यार्थ्याच्या मनातून निघून जात नाही, याची ही साक्ष आहे.

प्रमाणाचा आग्रह कशासाठी?

आता मूळ शंकेकडे वळू. बॉनची पदवी नव्हती, हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण काय? श्रद्धेने कोणी चार शब्द अधिक बोलला, तर बिघडले कोठे?

बिघडते ते असे. आपल्या समाजाच्या हाती वारशाने संपत्ती आली नाही, सत्ता आली नाही. आली ती ज्ञानाच्या बळावर उभी राहिलेली एका माणसाची साक्ष. ही साक्ष जितकी अचूक, तितकी ती अभेद्य. तिच्यात एक कल्पित पदवी मिसळली, की विरोधकाला तेवढा एकच धागा पुरतो. तो उसवून, बाकीचे वस्त्रही असेच असेल, असे तो सांगू लागतो. बावीस-तेवीस वर्षांचा आमचा विद्यार्थी परक्या सभेत उभा राहून बॉनच्या डॉक्टरेटचा दाखला देतो आणि कोणीतरी त्याला दप्तराची नोंद दाखवितो, तेव्हा खाली जाते ती त्या निरपराध विद्यार्थ्याची मान. त्या क्षणी त्याच्या मनातील इतर सत्यांचाही पाया हलतो. श्रद्धेने उच्चारलेल्या अतिशयोक्तीची किंमत अशा रीतीने श्रद्धाळू माणसालाच मोजावी लागते.

तथागतांनी कालामांना जो उपदेश केला, तो अंगुत्तरनिकायात आला आहे. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला आदरणीय आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय. हा उपदेश आपण इतरांच्या पुराणांस लावतो. तो आपल्या जयंतीच्या व्यासपीठासही लावला पाहिजे. बाबासाहेबांनी स्वतः आयुष्यभर हेच केले. कोलंबियाने त्यांचा प्रबंध मान्य केला होता, तरी मुद्रित प्रती विद्यापीठास सादर झाल्यानंतरच, १९२७ साली, पीएच.डी. रीतसर प्रदान झाली. प्रमाणाच्या बाबतीत ते असे काटेकोर होते. त्यांच्या अनुयायांनी त्याहून सैल का असावे?

त्या विद्यार्थिनीस

शेवटी आम्ही त्या विद्यार्थिनीस जे सांगितले, ते येथे नमूद करतो, कारण तिच्यासारखे अनेक विद्यार्थी आज या वळणावर उभे आहेत. आज जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. खर्च येतो तो निर्वाहाचा, आणि मुक्कामाच्या काळापुरती रक्कम हाताशी असल्याचे प्रमाण प्रवेशपरवान्यासाठी द्यावे लागते. आमच्या घरांतून ती रक्कम सहज निघत नाही. म्हणून वडिलांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. ज्याने एकेक रुपया मोजून संसार केला, त्याचा तो न्याय्य प्रश्न होता आणि त्याला हिशेबानेच उत्तर देणे उचित होते.

आम्ही म्हणालो, "बाळ, आधी हिशेब कर. शिष्यवृत्ती किती, उसने किती, फेड केव्हा, ते वडिलांपुढे मांड. जाण्यापूर्वी आपल्या विद्यापीठाकडून लेखी घे, की तेथील सत्राचे गुण येथे धरले जातील. भाषा आजपासून शीक, प्राथमिक का होईना. बाबासाहेबांनीही प्राथमिकच घेतली होती. तेथे गेल्यावर ग्रंथालय तुझे घर समज. आणि परत आल्यावर कोणी विचारले, तर सांग, की एक सत्र शिकले, पदवी घेतली नाही. हे वाक्य बोलताना मान खाली घालण्याचे कारण नाही."

तिने विचारले, "पण सर, बॉनमधून बाबासाहेबांना मिळाले काय?"

आम्ही म्हणालो, की अर्ज परक्या भाषेत करण्याचे धैर्य, एका सत्राची नोंद, काही महिन्यांचे वाचन आणि एका कोसळत्या चलनाचा शेजार, एवढे बॉनच्या खात्यावर लिहिता येते. तेथील अभ्यास पुरा झाला नाही, कारण लंडनचे काम अधिक निकडीचे होते आणि पैसा संपला होता. कोणते काम पुढे न्यावयाचे आणि कोणते सोडावयाचे, याचा निर्णय त्यांना तेथे करावा लागला. मुंबईस परतल्यावर सुमारे सव्वा वर्षाने, जुलै १९२४ मध्ये, त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेच्या पहिल्या कामांत वसतिगृह आणि वाचनालय यांचा समावेश होता, म्हणजे शिकू इच्छिणाऱ्या मुलांना राहावयास जागा आणि वाचावयास पुस्तक.

ती विद्यार्थिनी पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन अभ्यासवर्गास आली. त्यांच्या हाती हिशेबाची वही होती. आम्ही तिघांनी मिळून ती ओळीने तपासली आणि कोणते कर्ज घ्यावयाचे, कोणते टाळावयाचे, ते ठरविले. सत्र सुरू होण्यास अद्याप काही महिने आहेत. दरम्यान ती दररोज सकाळी विहारातील वाचनालयात बसून जर्मन क्रियापदे पाठ करीत असते.